अ‍ॅफिलिएट मार्केटिंग : लागणारी साधने आणि विकली जाणारी साधने

घरबसल्या कमाईचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींमध्ये ‘अ‍ॅफिलिएट मार्केटिंग’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. मोबाईलवर चित्रफिती पाहणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी भेटतोच. सांगणारा तरुण असतो, मागे महागडी गाडी उभी असते आणि ‘सुरुवातीला लागणारी दहा साधने’ अशी यादी पडद्यावर सरकत असते. पदवी हाती घेऊन सरकारी नोकरीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलेला गोमंतकीय तरुण हा या यादीचा हक्काचा प्रेक्षक आहे. २०१२ मध्ये आणि त्यानंतर २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा अनेक कुटुंबांचे उत्पन्न एकाएकी थांबले. पर्यटनाचा रोजगार हंगामी आहे आणि पावसाळ्यात तो आटतो. अशा वेळी मोबाईल आणि इंटरनेट एवढ्याच भांडवलावर चालणारा व्यवसाय आकर्षक वाटावा, यात आश्चर्य नाही.

व्यवसाय खोटा नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. परंतु त्यात उतरताना लागणारी साधने आणि उतरणाऱ्यांना विकली जाणारी साधने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक न कळल्यामुळे पहिली कमाई हाती येण्याआधीच अनेकांचे पैसे खर्च होतात. म्हणून या यादीचीच तपासणी करणे आवश्यक आहे.

जुनाच व्यवहार, नवे रूप

गोव्याला हा व्यवहार परका नाही. टॅक्सीचालक पर्यटकाला काजूच्या दुकानात नेतो, खरेदी झाली की दुकानदार त्याला ठरलेली रक्कम देतो. खोली दाखवणारा, नौकाविहाराची जागा भरून देणारा, सर्वांचे गणित हेच. अ‍ॅफिलिएट मार्केटिंगमध्ये टॅक्सीची जागा दुव्याने घेतली आहे. प्रत्येक सहभागी व्यक्तीला तिचा स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असलेला दुवा मिळतो. त्या दुव्यावरून आलेल्या ग्राहकाने खरेदी केली, तर विक्रेता कंपनी ठराविक टक्के दलाली देते. खरेदी झाली नाही, तर काहीही मिळत नाही.

अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्ये अशी योजना सुरू केली आणि ही पद्धत जगभर रूढ झाली. भारतात ही कंपनी २०१३ मध्ये आली. आज वस्तूंच्या विक्रीखेरीज प्रवास, विमा, संकेतस्थळांसाठी जागा देणाऱ्या कंपन्या, शिकवणीवर्ग अशा अनेक क्षेत्रांत या योजना चालतात. बहुतेक ठिकाणी सहभागी होण्यास एक रुपयाही लागत नाही. हा मुद्दा मनात पक्का ठेवला, तर पुढचे बरेच काही सोपे होते : खऱ्या योजनेत कंपनी आपल्याला पैसे देते, आपण कंपनीला नव्हे.

मात्र अटी असतात आणि त्या बारीक अक्षरांत असतात. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत दुव्यावर टिचकी मारल्यानंतर साधारणपणे २४ तासांच्या आत ग्राहकाने वस्तू निवडली, तरच ती विक्री आपल्या खात्यावर धरली जाते. खाते उघडल्यापासून १८० दिवसांत किमान तीन पात्र विक्री झाल्या नाहीत, तर खाते बंद होते. स्वतःच्या दुव्यावरून स्वतःच केलेली खरेदी धरली जात नाही. वस्तूगणिक टक्केवारी निराळी असते आणि ती बदलण्याचा अधिकार कंपनीकडे असतो. २०२० च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत अनेक गटांचे दर एकदम खाली आणले, तेव्हा केवळ या कमाईवर विसंबून असलेल्या लहानमोठ्या संकेतस्थळांचे उत्पन्न रातोरात घटले.

हिशेब आधी मांडावा

साधनांची खरेदी करण्यापूर्वी एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एखाद्याच्या संकेतस्थळावर महिन्याला ३,००० वाचक येतात. त्यांपैकी शंभरात पाच जणांनी दुवा उघडला, तर १५० जण दुकानात पोहोचले. त्यांपैकी शंभरात चौघांनी खरेदी केली, म्हणजे सहा विक्री झाल्या. प्रत्येक खरेदी सरासरी १,००० रुपयांची आणि दलाली पाच टक्के धरली, तर महिन्याची कमाई ३०० रुपये होते, वर्षाची ३,६००. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. विषय आणि वाचक यांनुसार ते वर-खाली होतील. परंतु महिन्याला ३,००० वाचक मिळवणे हेच नवख्यासाठी कित्येक महिन्यांचे काम असते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘पहिल्याच महिन्यात लाखाची कमाई’ या वाक्याचे वजन कळते.

याच हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला खर्च मांडावा. स्वतःच्या नावाचा संकेतस्थळ-पत्ता आणि ते ठेवण्यासाठी लागणारी जागा यांना वर्षाला काही हजार रुपये लागतात. त्यावर शब्दसंशोधनाचे सशुल्क सॉफ्टवेअर, चित्रे बनवण्याचे सशुल्क साधन, ईमेल पाठवण्याची सशुल्क सेवा आणि वर शिकवणीचे शुल्क, असे सारे पहिल्याच दिवशी घेतले, तर वर्षभराची संभाव्य कमाई आधीच संपते. यादी सांगणाऱ्याला मात्र यातील अनेक साधनांच्या विक्रीवर दलाली मिळत असते. म्हणजे साधनांची यादी हीच त्याची अ‍ॅफिलिएट मार्केटिंग असते. यात बेकायदा काही नाही. पण ऐकणाऱ्याला हे ठाऊक असले पाहिजे.

खरोखर काय लागते?

पहिले साधन म्हणजे नीट माहीत असलेला विषय आणि ओळखीचा वाचक. ‘सर्व वस्तूंवर सवलत’ या विषयात नवखा माणूस मोठ्या कंपन्यांपुढे टिकत नाही. पण कोकणच्या दमट हवेत कपाटातील बुरशी कशाने थांबते, चार महिन्यांच्या पावसात दुचाकीस्वाराला कोणता रेनकोट पुरतो, परसबागेत मिरचीला कोणते खत मानवते, हे ज्याने स्वतः वापरून पाहिले आहे, त्याच्या सांगण्याला किंमत असते. गूगलने २०२१ पासून वस्तूंच्या परीक्षणांबाबत आणि २०२२ पासून एकूणच लेखनाबाबत आपली शोधपद्धत बदलत नेली, ती याच दिशेने : प्रत्यक्ष अनुभव असलेले लिखाण वर, इकडचे तिकडे केलेले खाली. २०२४ मध्ये भारतातही शोधाच्या उत्तरात यंत्राने तयार केलेला सारांश वरच दिसू लागला. सामान्य माहिती वाचकाला तिथेच मिळते आणि तो पुढे संकेतस्थळावर येतोच असे नाही. त्यामुळे जे यंत्राला सांगता येणार नाही, तेच लिहिण्यात नवख्याला वाव उरतो.

दुसरे साधन भाषेचे आहे आणि ते आपल्याकडे फुकट आहे. २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन्ही विक्री संकेतस्थळांवर मराठी आली. खरेदीचे पान मराठीत उघडते, परंतु वस्तू घ्यावी की नाही हे समजावून सांगणारे विश्वासार्ह मराठी लिखाण इंग्रजी-हिंदीच्या मानाने थोडेच आहे. गोमंतकीय मराठी लेखकाचा वाचक बेळगाव, सिंधुदुर्ग, इंदूर, बडोदा कुठेही असू शकतो. फक्त भाषांतरयंत्रातून काढलेली मराठी हा वाचक पहिल्या दोन ओळींतच ओळखतो आणि निघून जातो.

तिसरे साधन म्हणजे स्वतःच्या मालकीची जागा. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. बंदीची कारणे वेगळी होती. पण लाखोंचे अनुयायी असलेल्यांची सारी मेहनत एका रात्रीत गेली. परक्याच्या अंगणात मांडलेले दुकान मालकाच्या मर्जीवर चालते. म्हणून समाजमाध्यमांवर वावरावे, पण त्याबरोबर एक लहानसे संकेतस्थळ असावे. वर्डप्रेससारखी प्रणाली मोफत मिळते. पत्ता ‘.इन’ असा घेता येतो आणि २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ असाही घेता येतो. वाचकांनी स्वखुशीने दिलेल्या ईमेल पत्त्यांची यादी ही या जागेइतकीच मोलाची असते. मात्र संमती न घेता पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक जमवणे हे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या काळात परवडणारे नाही. लग्नाच्या वऱ्हाडासाठी केलेल्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचे दुसऱ्या दिवशी सवलतींच्या दुव्यांच्या गटात रूपांतर करणे, हा त्यातलाच प्रकार.

चौथे साधन मोजमापाचे. गूगलची सर्च कन्सोल, अ‍ॅनालिटिक्स आणि ट्रेंड्स ही तिन्ही साधने मोफत आहेत. वाचक कोणता शब्द शोधत आला, कोणत्या पानावर थांबला, कोणत्या महिन्यात कशाची विचारणा वाढते, एवढे त्यांतून कळते आणि पहिल्या वर्षी एवढेच पुरते. सोबत एक साधी वही किंवा तक्ता असावा : कोणता दुवा कधी टाकला, किती जणांनी उघडला, किती विक्री झाली, किती परत आली. ग्राहकाने वस्तू परत केली की दलालीही परत जाते. त्यामुळे पडद्यावर दिसणारी रक्कम हाती आलेली नसते. सशुल्क साधने घ्यायची ती या वहीत काही महिन्यांची कमाई दिसू लागल्यावर आणि त्या कमाईतूनच.

सांगून घ्यावी लागणारी दलाली

पाचवे साधन बहुतेक याद्यांत सापडत नाही आणि तेच कायद्याने सक्तीचे आहे : दलाली मिळते हे वाचकाला उघड सांगणे. टॅक्सीचालक कोणत्या दुकानापुढे गाडी उभी करतो यावरून पर्यटकाला निदान अंदाज येतो. दुव्यामागची दलाली दिसत नाही. म्हणूनच जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक सूत्रे आणली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरील शिफारशींसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, सवलत, हॉटेलातील मुक्काम यांपैकी काहीही मिळाले असेल, तर ते ठळकपणे आणि सोप्या शब्दांत सांगितले पाहिजे. चित्रफितीत ते दिसले पाहिजे आणि ऐकूही आले पाहिजे. खुलासा हा दाव्याच्याच भाषेत हवा, असे २०२२ ची तत्त्वे सांगतात. मराठीत दहा मिनिटे स्तुती करून शेवटी इंग्रजीत दोन अक्षरे लिहिल्याने या तत्त्वांचा हेतू साध्य होत नाही. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी दंड दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत होऊ शकतो. शिफारस करण्यास एक ते तीन वर्षांची मनाईही होऊ शकते.

‘या दुव्यावरून खरेदी केल्यास मला दलाली मिळते, तुमची किंमत बदलत नाही,’ हे एक वाक्य लेखाच्या शेवटी न लपवता आरंभीच लिहावे. अनेकांना वाटते की यामुळे ग्राहक बिथरतो. परंतु लहान राज्यात, जिथे गावातला प्रत्येक जण दुसऱ्याला ओळखतो, तिथे उशिरा कळलेली दलाली कायमची विश्वासार्हता घालवते. फसलेला वाचक नातेवाइकांना सांगतो आणि बातमी पेडण्याहून काणकोणला पोहोचायला वेळ लागत नाही.

तीन सापळे

पहिला सापळा शिकवणीचा. अ‍ॅफिलिएट मार्केटिंग शिकवणारा अभ्यासक्रम विकत घ्यायचा आणि मग तोच अभ्यासक्रम इतरांना विकून दलाली मिळवायची, असा हा प्रकार आहे. इथे बाहेरचा ग्राहक नसतोच. नवा येणारा सदस्य हाच ग्राहक. त्याचे शुल्क वरच्यांमध्ये वाटले जाते. साखळी थांबली की शेवटी आलेले सर्व जण तोट्यात राहतात. पैशांच्या फिरत्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि थेट विक्रीसंबंधी डिसेंबर २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड पद्धतीच्या योजना निषिद्ध ठरवल्या आहेत. प्रत्येक शिकवणी या प्रकारात मोडते असे नाही. ओळखायची खूण एकच : सदस्य जोडण्याखेरीज कमाईचा दुसरा मार्ग शिकवला जातो का? नसेल, तर दूर राहावे.

दुसरा सापळा सट्टेबाजीच्या दुव्यांचा आणि तो गोव्याच्या दृष्टीने अधिक घातक आहे. जुगाराच्या परदेशी संकेतस्थळांकडून मिळणारी दलाली साबण-रेनकोटाच्या दलालीपेक्षा कितीतरी मोठी असते. गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यातील तरतुदींनुसार पंचतारांकित हॉटेलांत आणि मांडवीतील जहाजांवर परवानाधारक कॅसिनो चालतात. त्यामुळे ‘आपल्या राज्यात हे चालते’ असा समज सहज होतो. परंतु प्रत्यक्ष जागेवरील कॅसिनोचा परवाना आणि मोबाईलवरील पैशांचा खेळ यांचा संबंध नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. परदेशात बसलेल्या कंपनीपर्यंत हात पोहोचणे कठीण असते. दुवा टाकणारा तरुण मात्र म्हापशात किंवा मडगावातच सापडतो.

तिसरा सापळा शेअर बाजाराचा. ‘हे खाते उघडा, हा शेअर घ्या’ असे सांगून दलाली मिळवणाऱ्यांवर सेबीने लगाम आवळला आहे. नोंदणी नसताना गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या किंवा परताव्याचे दावे करणाऱ्या व्यक्तींशी व्यावसायिक संबंध ठेवण्यास नोंदणीकृत संस्थांना २०२४ पासून मनाई आहे. रेनकोट निकृष्ट निघाला, तर वाचकाचे हजार रुपये जातात. शेअरच्या सल्ल्यात निवृत्तीची पुंजी जाते. नवख्याने या विषयात पडू नये, हेच बरे.

कर आणि कागदपत्रे

दलाली हे उत्पन्न आहे, त्यामुळे पॅन क्रमांक आणि स्वतंत्र बँक खाते हीही सुरुवातीची साधनेच. देशातील कंपनीने वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक दलाली दिली, तर ती त्यातून कर कापून घेते. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून लागू झाली आणि कपातीचा दर ऑक्टोबर २०२४ पासून पाच टक्क्यांवरून दोन टक्के झाला. कापलेला कर विवरणपत्र भरल्यास हिशेबात धरला जातो. विवरणपत्रच भरले नाही, तर परताव्याचा हक्क असूनही पैसे अडकून राहतात. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी येते. बहुतेक नवख्यांना ती चिंता नाही. मात्र सरकारी सेवेत असलेल्यांनी हे काम सुरू करण्याआधी सेवेचे आचारनियम वाचावेत. खासगी व्यापारावर तेथे बंधने आहेत आणि आपल्या राज्यात जवळपास प्रत्येक कुटुंबाच्या नात्यात कुणी ना कुणी सरकारी कर्मचारी असतो.

स्थानिक दुकानदाराला काय करता येईल?

या चर्चेची एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. गोव्यातील तरुण परराज्यांतील आणि परदेशातील कंपन्यांचा माल विकून पाच टक्के मिळवण्याची स्वप्ने पाहतो, पण त्याच्या शेजारच्या काजू कारखानदाराकडे असा दुवा नसतो. गोव्याच्या काजूगराला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानकुराद आंबा आणि बिबिंका यांनाही त्याच वर्षी मिळाले, तर खोल्याच्या मिरचीला २०२० मध्ये. मानांकनामुळे नावाला संरक्षण मिळते, ग्राहक आपोआप मिळत नाही. ग्राहक आणून देणारा आणि त्या मालाची खरी माहिती सांगणारा माणूस गावातच आहे.

त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. दुकानदाराने प्रत्येक शिफारसकर्त्याला एक वेगळा सवलत-शब्द द्यावा, ग्राहकाने मागणी नोंदवताना तो सांगावा आणि महिन्याअखेरीस हिशेब व्हावा. मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय घरोघरी पोहोचली आहे. महिला स्वयंसहाय्य गट, उत्पादक संस्था आणि राज्य शासनाची कौशल्य प्रशिक्षणे यांनी हे गणित हाती घेतले, तर दलालीचा पैसा राज्यातच फिरेल. प्रशिक्षणात सॉफ्टवेअरची नावे पाठ करून घेण्यापेक्षा हिशेबाची वही, उघड खुलासा आणि कायद्याच्या मर्यादा शिकवल्या, तर तरुणांचे पैसेही वाचतील.

टॅक्सीचालकांची दलाली हा गोव्याच्या पर्यटनात वर्षानुवर्षे चर्चेचा विषय राहिला आहे. पर्यटकाची तक्रार दलाली घेतली म्हणून क्वचितच असते. वाईट माल चांगला म्हणून गळ्यात मारला, ही ती असते. तोच निकष इथेही लागू पडतो. ज्याची शिफारस स्वतःच्या आईवडिलांना करायला आपण कचरणार नाही, अशाच वस्तूचा दुवा द्यावा आणि मिळणारी दलाली उघड सांगावी. उरलेली साधने मोफत मिळतात किंवा पुढे कमाईतून घेता येतात. ती पहिल्याच दिवशी विकत घ्या, असे जो सांगतो, त्याला त्या विक्रीवर किती टक्के मिळतात, हे प्रथम विचारावे.